वसंतातल्या बर्फावर मिश्र स्किन: चढाला झकास, माळ्यावर नाजूक

मुंबईतून वर्षाकाठी आठ-दहा दिवस स्की टूरिंगला, म्हणजे पायात स्की घालून डोंगर चढायला आणि उतरायला जाणाऱ्याने एकच स्किन घ्यायची असेल, तर मोहेर-नायलॉनची मिश्र घ्यावी; स्कीचा तळ कडेपासून कडेपर्यंत भरणारी, पुढे कडी आणि मागे क्लिप असलेली. निकाल आधीच सांगून टाकला, कारण त्याला अटी बऱ्याच आहेत. मार्चअखेरीच्या बर्फात ही पट्टी एका सकाळीत तीनदा स्वभाव बदलते. आणि वर्षातले उरलेले साडेअकरा महिने ती दादर नाहीतर डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये पडून असते, जिथली हवा तिच्या गोंदाला अजिबात मानवत नाही. थंड देशांतली परीक्षणं हा दुसरा भाग सहसा सांगत नाहीत. त्यांच्याकडे गार, कोरडं तळघर असतं; आपल्याकडे माळा असतो.

नव्याने या वाटेला लागलेल्यांसाठी थोडक्यात: स्किन म्हणजे चढताना स्कीच्या तळाला चिकटवायची लांब पट्टी. एका अंगाला गोंद, दुसऱ्या अंगाला एकाच दिशेने आडवी पडलेली लव. मांजराच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला तर तो सरकतो, उलटा फिरवला तर अडतो, तसंच. स्की पुढे घसरते, मागे येत नाही. पूर्वी सील या प्राण्याचं कातडं वापरत, नाव तिथूनच आलं. माथ्यावर पोचलं की स्किन सोलून काढायची, घडी घालून जॅकेटच्या आत ठेवायची, बुटाची टाच बाइंडिंगमध्ये (बूट स्कीला धरणाऱ्या खाचेत) अडकवायची आणि उतरायचं.

लवेचे प्रकार तीन. निव्वळ नायलॉनची स्किन (ब्लॅक डायमंडची ॲसेन्शन हे ओळखीचं नाव) घट्ट धरते, टिकते, खडकावरून घासली तरी फारसं बिघडत नाही. पण पुढे सरकायला जड आणि घडी जाडजूड. निव्वळ मोहेर, म्हणजे अंगोरा शेळीचे केस, हलकी आणि लोण्यासारखी सरकते, म्हणून शर्यतवाले ती वापरतात. पकड कमी आणि झिजतेही लवकर. मिश्र स्किनमध्ये साधारण ६५ ते ७० टक्के मोहेर आणि बाकी नायलॉन असतं. पोमोका, कोहला, ब्लॅक डायमंड सगळ्यांकडे या जातीची मिळते. सपाटीवरच्या लांब चालीत मिश्र आणि नायलॉन यांतला फरक पायांना तासाभरात कळतो. सरकण्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यात अर्थ नाही. वसंतात खरी परीक्षा पकड, पाणी आणि गोंद या तिघांची असते.

पकडीचा प्रश्न पहाटेचा. रात्र निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता आकाशाकडे सोडून देतो आणि हवा शून्याच्या किंचित वर असली तरी वरचा थर कडक गोठतो. ढग असले तर ते गोधडीसारखे वर बसतात आणि थर गोठत नाही. अशा दिवशी कुठलीच स्किन कामाची नाही: बॅटरीच्या उजेडात बूट टेकवून बघायचा, घोट्यापर्यंत आत गेला तर परत जाऊन झोपायचं. थर गोठलेला असेल, तर चार-साडेचारला निघून पहिले दोन तास अक्षरशः फरशीवर चढायचं असतं. कसाऱ्याची शेवटची लोकल पकडून रात्रभर चालणाऱ्यांना त्या वेळेचं काही वाटणार नाही, फरशीचं वाटेल.

पंधरा अंशांच्या आसपासच्या सरळ चढावर मिश्र स्किन अशा कडक बर्फातही व्यवस्थित धरते. घोटाळा होतो तो ट्रॅव्हर्स मारताना, म्हणजे उतार आडवा कापताना. आडव्या उतारावर स्कीचा फक्त वरच्या अंगाचा काठ टेकतो, लवेचा बराचसा भाग हवेत राहतो. इथे दोन गोष्टी तारतात. एक, स्किन नीट कापलेली असणं, म्हणजे दोन्ही बाजूंना स्कीचा पोलादी काठ उघडा राहील अशी. नवी स्किन सरळ पट्टी म्हणून येते आणि स्कीच्या कमरेप्रमाणे, म्हणजे मधल्या अरुंद भागाप्रमाणे, कापावी लागते. रीत अशी: पट्टी तळावर मधोमध चिकटवा, एका बाजूला काठालगत कापा. मग पूर्ण पट्टी उचलून न कापलेल्या बाजूकडे ४ मिलिमीटर सरकवा आणि ती बाजू काठालगत कापा. पुन्हा मधोमध लावली की दोन्हीकडे २-२ मिलिमीटर काठ मोकळा मिळतो. घाईत दोन्ही बाजू एकाच बैठकीत काठालगत कापणारे बरेच असतात. त्यांची स्किन पोलाद झाकते, आणि पहाटेच्या फरशीवर ते आधी कंपनीला आणि मग वाटाड्याला शिव्या देतात.

दुसरी गोष्ट स्की क्रॅम्पॉन. बुटाखाली, बाइंडिंगला अडकणारा हा दातेरी पत्रा वसंतात ऐच्छिक समजू नये. स्कीची कंबर ९० मिलिमीटर असेल तर पत्रा ९० पेक्षा थोडा मोठा हवा, अरुंद पत्रा स्कीवर बसतच नाही. फार रुंद घेतला तर दाते बाहेर फाकतात आणि वाकतात. तो सपाट जागीच लावून घ्यायचा, अडचणीत सापडल्यावर नाही. बाइंडिंगवरचा, टाचेखाली उभा करता येणारा उंचवटा पूर्ण उभा केला की दाते बर्फात कमी रुततात, म्हणून क्रॅम्पॉन असताना टाच एक पायरी खाली ठेवावी. स्किन कितीही चांगली असो, क्रॅम्पॉनची जागा घेत नाही, आणि मिश्र स्किन तर नाहीच नाही. नायलॉनवाले इथे थोडे पुढे असतात, हे मान्य करायला हवं.

आता पाणी. आठ-नऊच्या सुमारास ऊन पूर्व अंगावर नीट बसलं की पापुद्रा सुटायला लागतो. लव ओली होते. ओल्या बर्फातून ओली स्किन चालवायला काही अडचण नसते, फक्त वजन वाढतं. घात होतो तो सावलीत शिरल्यावर. उन्हातली सोंड चढून तुम्ही सावलीतल्या नाळेत (दोन कड्यांमधल्या अरुंद घळीत) शिरता, तिथला बर्फ कोरडा आणि थंड. ओली लव गोठते, तिच्यावर कोरडे कण चिकटतात, त्यांच्यावर आणखी कण. दहा पावलांत स्कीखाली लादी तयार होते, स्की सरकायचं सोडून देते आणि पाय उचलून टाकावा लागतो. पावसाळ्यात भातखाचरातून जाताना बुटाला चिखल जसा धरतो, त्याचीच ही गोठलेली आवृत्ती. दोन्ही पायांना काही किलो वजन लागलं की सगळ्या दिवसाचं वेळापत्रक कोलमडतं, आणि वसंतात वेळापत्रक हीच सुरक्षितता आहे.

मिश्र स्किन या रोगापासून मुक्त नाही, कुठलीच नसते. नव्या पट्टीवर कारखान्यातून आलेला जलरोधक लेप असतो, तोवर ती बरी चालते. वापराने तो घासून जातो आणि मग मेणावरच भिस्त. उपाय आदल्या दिवशीचा आहे. कोरड्या लवेवर स्किनचं मेण लवेच्या दिशेने, पुढून मागे, दाबून चार-पाच वेळा घासायचं, मग तळहाताने चोळून मुरवायचं. ब्लॅक डायमंडचं ग्लॉप स्टॉपर नावाचं मेण याच कामासाठी आहे. ते नसेल तर साधी पांढरी मेणबत्ती वेळ मारून नेते. इस्त्रीने मेण मुरवण्याचा सल्ला अधूनमधून ऐकू येतो. पट्टीच्या पलीकडच्या अंगाला गोंद आहे आणि इस्त्रीची ऊब त्यालाही पोचते, हे लक्षात ठेवून तो नाकारावा. मेण गोंदाच्या बाजूला चुकूनही लागू नये, लागलं तर तेवढ्या जागी पकड गेली.

वाटेत लादी जमलीच, तर सावलीत रेंगाळत थांबू नका. उन्हात परत या किंवा सपाट जागा गाठा, काठीच्या दांड्याने नाहीतर दुसऱ्या स्कीच्या काठाने पुढून मागे खरवडा, कापडाने टिपा आणि मेण घासा. ऊन-सावलीच्या सीमेवर पोचण्याआधीच दोन मिनिटं मेणाला दिली, तर पुढची वीस वाचतात. आणि चालताना स्की उचलू नका, सरकवत राहा. उचललेल्या स्कीखाली बर्फ लवकर धरतो.

वेळेबद्दल एक टीप, कारण परदेशी पुस्तकी वेळा इथे तंतोतंत लागू होत नाहीत. एप्रिलच्या मध्यात मनालीच्या अक्षांशावर माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साधारण ६८ अंश वर असतो. आल्प्समध्ये ४६ अक्षांशावर तो ५४ च्या आसपास असतो. म्हणजे आपल्याकडे त्याच तारखेला, त्याच उताराला ऊन बरंच थेट लागतं आणि बर्फ पिकण्यापासून नासण्यापर्यंतची खिडकी आखूड होते. सूर्य डोक्यावर येतो तो भारतीय घड्याळात सव्वाबारा उलटल्यावर, गुलमर्गला त्याहूनही दहा मिनिटं उशिरा. पण त्या भरवशावर बसू नये. आधी पूर्वेची अंगं पिकतात, मग दक्षिणेची, शेवटी पश्चिमेची. वरचे दोन-चार सेंटिमीटर सुटे होऊन खाली कडक थर असतो तेव्हा उतरायचं: नीट भिजलेल्या साबुदाण्यासारखे मोकळे दाणे, हाच तो कॉर्न स्नो. अजून तासभर थांबलात तर साबुदाण्याचा गिचगोळा होतो. बूट घोट्याच्या वर रुतायला लागले, उतारावरून आपोआप बर्फाच्या गुंडाळ्या घरंगळायला लागल्या, की ओल्या हिमलोटाची वेळ झाली. तिथून निघायचं, मग माथा शंभर मीटरवर का असेना. मनाली, गुलमर्ग भागात डीजीआरई ही संरक्षण संस्था हिमलोटाचा इशारा देते, तो आदल्या संध्याकाळी पाहावा. पण तो मोठ्या प्रदेशासाठी असतो, तुमच्या नाळेसाठी नाही.

गोंदाची परीक्षा दुसऱ्या चढाला होते. पहिल्यांदा पहाटे स्किन चिकटवताना स्कीचा तळ कोरडा असतो. एक उतार मारून पुन्हा चढायचं म्हटलं की तळावर पाण्याचा पातळ थर असतो, त्याच्यावर गोंद बसत नाही. म्हणून आतल्या खिशात एक मायक्रोफायबरचं कोरडं फडकं हवं. तळ पुसून, काठांपाशी नीट टिपून मगच स्किन लावायची आणि पुढून मागे हाताने दाबत जायचं. काढलेली स्किन बर्फावर टाकून चहाचा थर्मास उघडणाऱ्यांनी पुढच्या तासाची तक्रार करू नये. गोंदावर बर्फाचे कण बसले तर स्कीच्या काठावर गोंदाची बाजू ओढून ते खरवडता येतात, मग पट्टी दहा मिनिटं जॅकेटच्या आत अंगाशी धरायची.

तरीही शेपटीकडून सुटायला लागली तर दोन रबरी स्की स्ट्रॅप पिशवीत असावेत: एक शेपटीपाशी, एक बुटाच्या मागे, स्कीभोवती करकचून. चालताना पट्ट्याचं रबर बर्फावर घासतं, सरकणं मंदावतं, पण घरी पोचता येतं. मागची क्लिप निकालातच मागितली ती याचसाठी. फक्त गोंदावर अवलंबून असणारी, बिनशेपटीची स्किन हलकी आणि देखणी असते. ओल्या वसंतात ती नको.

गोंदाच्या दोन जाती आहेत. पारंपरिक गोंद जबरदस्त धरतो, थंडीत विश्वासाचा, आणि जीर्ण झाला तर खरवडून नवा लावता येतो. पण उष्णता आणि धूळ यांचं त्याला वावडं. दुसरा हायब्रिड, हाताला कमी चिकटणारा, गोंदाला गोंद लावला तरी सहज सुटणारा, घाण झाली तर पुसून पुन्हा तरतरीत होणारा. ओल लागली की मात्र त्याची पकड पटकन सुटते. पुसून कोरडा केला की परत येते. थंड गावात राहणाऱ्याला पारंपरिकच सांगावा. मुंबईकराला हायब्रिड, ओलीची अट मान्य करून, आणि फडकं न विसरता. हे मत वादग्रस्त आहे, पण वाद घालणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात पारंपरिक गोंदाची घडी सोलून बघावी.

माळा छताला लागून असतो, घरातली सगळी ऊब तिथे साठते. पारंपरिक गोंदाची घडी तिथे महिनाभर पडली की दोन्ही थर एकजीव होतात. ऑक्टोबरात ओढायला गेलं तर एका पट्टीचा गोंद सोलून दुसरीवर जातो: इकडे टक्कल, तिकडे गोळे. म्हणून उन्हाळ्याआधी दोन थरांच्या मध्ये सोबत आलेली जाळी नाहीतर सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंग पेपर घालायचा. क्रॉफर्ड मार्केटला केकचं सामान मिळतं तिथे त्याचे रोल असतात. वर्तमानपत्र अजिबात नको, ते गोंदात कायमचं बसतं. मग झिपच्या पिशवीत हवा काढून, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि घरातल्या सर्वांत गार कपाटात सर्वांत खालच्या कप्प्यात. फ्रीजचा भाजीचा कप्पाही चालतो, घरच्यांची समजूत घालता आली तर. फ्रीजमधून काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. आतली वस्तू खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर मुंबईची दमट हवा गोंदावर दवासारखी बसते.

पिशवीत जाण्याआधी पट्टी पूर्ण वाळलेली हवी. मोहेर हे शेवटी केसच, ओले ठेवले तर बुरशी येते. पंख्याखाली, सावलीत, दोरीवर दोन दिवस. मनालीच्या खोलीत तंदूर (खोली उबवणारी शेगडी) पेटलेला असतो आणि त्याच्या वरच्या तारेवर मोजे वाळत असतात. मोज्यांशेजारी स्किन टांगणं ही या वस्तूला मारण्याची सर्वांत जलद रीत आहे. गोंद वितळून लवेत उतरतो, आणि लवेत उतरलेला गोंद निघत नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळ टांगावी. सकाळपर्यंत वाळते.

प्रवासात एक अडचण येते: पुन्हा लावायचा नळीतला गोंद ज्वालाग्राही द्रावकातला असतो, तो विमानात चालत नाही. त्यामुळे दुरुस्ती निघण्याआधी घरीच, खिडक्या उघड्या ठेवून. देशांतर्गत तिकिटांवर बहुधा १५ किलोच सामान मिळतं, आणि स्की, बूट, बाइंडिंग मिळून तेवढं सहज भरतं. म्हणून स्किन, मेण, फडकं हातातल्या बॅगेत. क्रॅम्पॉन मात्र चेक-इनमध्येच.

मुंबईतल्या ट्रेकिंगच्या दुकानांत दोर, हार्नेस, कॅराबिनर सगळं मिळेल, स्किन मिळण्याची आशा धरू नये. परदेशातून येणाऱ्या कुणाला सांगणं हाच रूढ मार्ग. तिकडे चांगल्या जोडीला १५० ते २५० डॉलर पडतात. त्यांना लांबी आणि रुंदी दोन्ही कळवा: स्कीचं टोक १२० मिलिमीटर आणि कंबर ९० असेल तर ११५ ते १२० रुंदीची पट्टी मागवून घरी कापायची. कंबरेइतकीच पट्टी मागवणं ही नेहमीची चूक. टोक आणि शेपूट उघडी राहतात आणि चढावर तिथली पकड जाते.

भाड्याने घेणार असाल, तर आदल्या संध्याकाळी दुकानात उभं राहून चार गोष्टी पाहा. स्किन त्याच स्कीसाठी कापलेली आहे का. दुसऱ्या स्कीची लावून दिलेली असेल तर कमरेपाशी पोलाद झाकलेलं दिसेल. गोंदात केस, चहाची पावडर, लाकडाचा भुसा किती आहे. क्लिपचं रबर ताणल्यावर चिरा दिसतात का. आणि क्रॅम्पॉन त्या बाइंडिंगला खरोखर अडकतो का. ‘बसतो साहेब’ हे उत्तर पुरेसं नाही, बसवून दाखवायला सांगा. स्किन तळाला लावून एका टोकाने जोरात सोला: सगळीकडे सारखा ताण लागला पाहिजे. मध्येच हात हलका पडला, तर तिथला गोंद संपलेला आहे.

स्कीच्या पोलादी काठांना समुद्राची हवा जून ते सप्टेंबर गंज चढवते. वाळवून, तळावर आणि काठांवर मेणाचा जाड थर देऊन तो न खरवडता तसाच ठेवावा. बॅगेत बंद करू नये. हिमलोट ट्रान्सीव्हरचे (बर्फाखाली गाडल्या गेलेल्याला शोधायच्या रेडिओ यंत्राचे) सेल काढून ठेवावेत, दमट हवेत ते झिरपतात आणि स्प्रिंगा खातात. ऑक्टोबरात, दिवाळीची साफसफाई निघते तेव्हा, स्किन एकदा हॉलमध्ये उलगडून स्कीला लावून सोलून बघावी. तळावर चिकट डाग मागे राहिले तर गोंद बदलायला आलाय, आणि मार्चपर्यंत चार-पाच महिने हातात आहेत.